सिएनाच्या चौकातून आलेला फोन

अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या ऑफिसातून बाहेर पाहिलं की आधी पार्किंग लॉट दिसायचा, त्यापलीकडे टोल रोड, आणि दर दोन-तीन मिनिटांनी खाली उतरणारं एखादं विमान. सगळं कसं शांत आणि आखीवरेखीव. मी मात्र कानाला हेडफोन लावून बसलेली असायचे, आणि त्या हेडफोनमध्ये जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी घाबरलेलं असायचं.

काम समजावून सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. अमेरिकेतून परदेशी फिरायला जाणारे लोक प्रवासाचा विमा घेतात. विम्याच्या कार्डामागे एक नंबर छापलेला असतो. कुठे पाय मोडला, छातीत दुखलं, पासपोर्ट हरवला, की तो नंबर फिरवायचा. तो फोन आमच्याकडे वाजायचा. मग आम्ही तिथलं हॉस्पिटल शोधायचं, तिथल्या लोकांशी बोलायचं, भाषा येत नसेल तर दुभाषा जोडायचा, आणि फारच वेळ आली तर पेशंटला विमानाने घरी आणायची सोय करायची. माझ्या हुद्द्याचं नाव होतं केस कोऑर्डिनेटर.

मी मूळची नर्स. मिरजेला शिकले, तिथेच आठ वर्षं वॉर्डात काढली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले, आणि व्हिसाच्या नियमामुळे सहा वर्षं घरी बसले. ग्रीन कार्ड २००३मध्ये मिळालं. नर्सिंगचं इथलं लायसन्स काढायला परीक्षा द्यावी लागते, ती मी दिली नाही. मुलं लहान आहेत असं लोकांना सांगायचे. खरं कारण म्हणजे नापास व्हायची भीती. म्हणून ही नोकरी धरली. यात पेशंट होते, दुखणी होती, फक्त हात लावायला कुणी नव्हतं.

वॉर्डात भीती वाटली तर करायला काहीतरी असतं. नाडी बघा, सलाईन लावा, डॉक्टरला हाक मारा. फोनवर नुसता आवाज. तो थांबला की संपलं. म्हणून आमचा पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नसायचा. ‘तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय’ हा असायचा. लाइन तुटलीच, तर निदान कुठे माणूस पाठवायचा ते कळावं. दुसरा नियम, फोन आपण आधी ठेवायचा नाही. आणि तिसरा, जो आमची सुपरवायझर शॅरन दर सोमवारी ऐकवायची: औषधोपचाराचा सल्ला आपण द्यायचा नाही. त्यासाठी ड्यूटीवर डॉक्टर असतो, त्याला लाइन जोडायची.

सगळेच फोन जीवघेणे नसायचे. एक आजोबा जहाजावरून रोज सकाळी फोन करून विचारायचे, “तुम्ही आहात ना तिथे?” आहे म्हटलं की ठेवून द्यायचे. सहा दिवस झाले. सातव्या दिवशी फोन आला नाही, तर दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आठव्या दिवशी उलट तेच माझ्यावर रागावले. म्हणे, कालपासून जहाजाचा फोन बंद होता, तुम्ही चौकशी का केली नाहीत!

नोकरीला दोन वर्षं झाली असतील. ऑगस्टचा महिना. दुपारचा पाऊण वाजला होता, मी डबा नुकता उघडला होता. फोन वाजला, उचलला, आणि कानावर असा गोंगाट आदळला की मी हेडफोन जरा बाजूला धरला. त्या गोंगाटातून एक म्हातारा आवाज तुटक इंग्लिशमध्ये म्हणत होता, “माय वाइफ. प्लीज. माय वाइफ इज नॉट गुड.”

मी नियमाप्रमाणे नाव सांगितलं. वंदना.

“वंदना? तुम्ही आपल्या आहात का हो?”

“हो काका. मराठीत बोला. कुठे आहात तुम्ही?”

“इटलीत. सिएना. ती घोड्यांची शर्यत आहे ना, तिथे चौकात. बाई, हिला काहीतरी होतंय.”

त्यांचं नाव दिगंबरकाका. साताऱ्याचे, वय सत्तर. मुलगा समीर ओहायोत, डब्लिनला. त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते, आणि मुलाने आईवडिलांना एका अमेरिकन ग्रुपबरोबर इटलीच्या सहलीला पाठवलं होतं. स्वतःचा मोबाइल आणि ते विम्याचं कार्ड त्याने वडिलांच्या खिशात घालून दिलं होतं. यातलं बरंचसं मला नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच, की मालतीकाकू चौकाच्या मधोमध जमिनीवर बसल्या होत्या आणि भलतंच काहीतरी बोलत होत्या.

“समोर काय दिसतंय, काका?”

“माणसं. माणसंच आहेत नुसती. समोर उंच मनोरा आहे. मागे कारंजं, त्याला लोखंडी कठडा आहे.”

मी ते लिहून घेतलं. आवाज म्यूट केला आणि शेजारच्या टेबलावरच्या टीनाला विचारलं, “सिएनात आज काय आहे?” टीनाची आजी इटलीतली, इटालियन फोन तीच घ्यायची. ती खुर्चीतून उठलीच. “पालिओ!” म्हणाली.

तिने मला दोन मिनिटांत सांगितलं ते असं. आपल्या पुण्यात पेठा असतात तशा त्या गावात पेठा आहेत. वर्षातून दोनदा त्यांची शर्यत होते. प्रत्येकीचा एक घोडा, घोड्यावर खोगीर नाही, गावच्या चौकाभोवती तीन फेऱ्या. सगळा खेळ दीड मिनिटात संपतो. लोक मात्र दुपारपासून चौकाच्या मधल्या भागात येऊन उभे राहतात, आणि त्यांच्या भोवतीच घोडे पळतात. एकदा का कडेचे अडसर लागले, की शर्यत संपेपर्यंत आत कुणी येत नाही, बाहेर कुणी जात नाही.

“ॲम्ब्युलन्स?”

“कडेला असतात. पण मधल्या गर्दीतून तिच्यापर्यंत पोचणार कशा?” असं म्हणत टीना तिकडच्या ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूमला फोन लावू लागली.

मी परत काकांकडे वळले. “काकूंना कसला आजार आहे?”

“डायबेटिस. इन्सुलिन घेते ती.”

“आज घेतलंय?”

“घेतलं.”

“आणि जेवल्या का?”

“ग्रुपच्या जेवणात सगळं मटणच होतं. पावाचा तुकडा खाल्ला तिने. ती म्हणत होती, मी हॉटेलवर थांबते. मीच आणली ओढून. चार तास उभी आहे उन्हात.”

“अंगाला हात लावून बघा. गरम आहे का?”

“थंड आहे. घामाने भिजली आहे नुसती. हात थरथरतोय. अहो, मला ओळखत नाहीये ती! मला अण्णा म्हणतेय. अण्णा तिचे वडील.”

आठ वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला हे सांगायला डॉक्टर लागत नाही. इन्सुलिन घेतलेलं, पोटात अन्न नाही, थंड घाम, थरथर, भ्रम. साखर उतरली होती. अशा माणसाला दहा-पंधरा मिनिटांत साखर मिळाली नाही तर तो बेशुद्ध होतो, झटके येतात, आणि पुढचं कुणीच सांगू शकत नाही. पण थंड घाम हार्ट अटॅकमध्येही येतो. आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं, तर ते श्वासनळीत जाऊन तो गुदमरू शकतो. मी दोन हजार कोसांवरून नाही, त्याच्याही पलीकडून नुसत्या आवाजावर हे ठरवत होते.

मी डॉक्टरांच्या लाइनचं बटण दाबलं. डॉक्टर दुसऱ्या केसवर. परत दाबलं. तेच. लाइन जोडताना ती कधीकधी तुटते हेही मला चांगलं ठाऊक होतं.

“काका, जवळ काही गोड आहे का? चॉकलेट, गोळी, ज्यूस?”

“पिशवी ग्रुपच्या बसमध्ये राहिली.”

“आजूबाजूच्या लोकांना मागा.”

“मागितलं. इंग्लिश कळत नाही कुणाला. कुणी बघतच नाही आमच्याकडे, सगळ्यांचे डोळे तिकडे, घोडे जिथून सुटतात त्या दोरखंडाकडे.”

माझ्या मॉनिटरच्या कडेला टीनाने चिकटवलेली एक चिठ्ठी होती. इटालियनमधले वीस-पंचवीस शब्द, डॉक्टर, पाणी, दुखणं, असे. मी बोट फिरवत गेले. साखर.

“काका, झुक्केरो म्हणा. झुक्केरो म्हणजे साखर. मोठ्याने ओरडा.”

आणि नेमका त्याच वेळी हेडफोनमधला गोंगाट थांबला. एकाएकी. मला वाटलं लाइन गेली.

“काका?”

“आहे,” ते कुजबुजले. “सगळे गप्प झालेत एकदम. कुणीतरी माइकवर नावं वाचतंय.”

टीना तिकडच्या फोनवर हात ठेवून म्हणाली, “घोड्यांचा क्रम वाचतात. अख्खा चौक श्वास रोखून ऐकतो.”

“ओरडा काका.”

“अहो, एवढी शांतता आहे. कसा ओरडू? सगळे…”

“ओरडा!” मी इकडे हर्नडनमध्ये खुर्चीतून उठून किंचाळले. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं.

मग काका ओरडले. “झुक्केरो! झुक्केरो!” म्हाताऱ्या माणसाचा फाटलेला आवाज. त्यावर चारी बाजूंनी ‘श्श’ झालं. कुणीतरी रागाने काही बोललं. काका रडायला लागले होते, पण थांबले नाहीत. “झुक्केरो! माय वाइफ! झुक्केरो!”

मग एका बाईचा आवाज आला, जवळून. तिने काहीतरी विचारलं. तिने तोच शब्द मागच्या कुणाला तरी सांगितला, त्याने त्याच्या मागच्याला. तो शब्द माझ्या कानात लांब लांब जाताना मी ऐकला.

“पुड्या देताहेत,” काका म्हणाले. “कागदाच्या पुड्या. हॉटेलात चहाबरोबर देतात तसल्या. हातोहात येताहेत. अहो, केवढ्या पुड्या!”

“काकूंना हाक मारा. डोळे उघडताहेत का? सांगितलं तर गिळताहेत का?”

“उघडतेय. अर्धवट.”

“त्यांना एका कुशीवर वळवा. बोट पाण्याने ओलं करा, त्याला साखर लावा, आणि गालाच्या आतून चोळा. थोडी थोडी. ओतायची नाही, कितीही घाई झाली तरी. खोकल्या तर थांबा.”

हे बोलले तेव्हा मला पुरतं ठाऊक होतं, की आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात.

“एक पुडी झाली,” काका म्हणाले. “दुसरी.” मग, “बाई, त्या दोरखंडाजवळ घोडे आलेत.”

“तुम्ही काकूंकडे बघा.”

त्यानंतर एक धडाका ऐकू आला, तोफेसारखा, आणि त्यामागून जे उसळलं त्याला मी आवाज म्हणू शकत नाही. हजारो माणसं एकदम ओरडत होती. मी “काका! काका!” करत होते, ते मलाच ऐकू येत नव्हतं. मध्येच एक किंकाळी, मग हाय खाल्ल्यासारखा सगळ्या गर्दीचा सुस्कारा. मला वाटलं, काकू गेल्या. मला वाटलं, काका चेंगरले. काय काय वाटलं. आणि मी आजवर कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. मला ते सहन होईना. मी हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. तिथून तो आवाज बारीक येत राहिला, डबीत कोंडलेल्या किड्यासारखा. किती वेळ? दहा सेकंद, वीस. परत कानाला लावला तेव्हा लाइन बंद होती.

मी पुन्हा नंबर फिरवला. पलीकडे समीरचा रेकॉर्ड केलेला हसरा आवाज: मी आत्ता फोन घेऊ शकत नाही, निरोप ठेवा. परत फिरवला. परत तोच हसरा आवाज. नऊ वेळा.

दीड वाजता खुद्द समीरचा फोन आला, डब्लिनहून. तो मीटिंगमध्ये असताना बाबांनी आधी त्यालाच, ऑफिसच्या नंबरवर, फोन केला होता, आणि आता त्याने व्हॉइसमेल ऐकला होता. मी झालं ते सगळं सांगितलं. साखरेचंही.

“तुम्ही डॉक्टर आहात का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग कुणाला विचारून सांगितलं? हार्टचा प्रॉब्लेम असला तर? ती चोक झाली तर? आय मीन, हाउ कॅन यू…” मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “ताई, मी त्यांना हट्टाने पाठवलं. आईला जायचंच नव्हतं.”

मी म्हटलं, लाइनवर थांबा. तो थांबला. आम्ही दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसलो. शॅरन माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

सव्वादोनला टीनाचा फोन वाजला. कंट्रोल रूमचा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. इटालियन मला येत नाही, आणि फोनवरचा माणूस खूप वेळ बोलत होता. टीना “सी, सी” करत होती, लिहीत होती, मान खाली घालून. वाईट बातमी सांगायला एवढा वेळ लागतो की चांगली, याचा मी विचार करत होते. मग तिने पेन खाली ठेवलं आणि अंगठा वर केला.

गर्दी पांगल्यावर ॲम्ब्युलन्सचे स्वयंसेवक कारंज्यापाशी पोचले होते. साडीतली बाई कठड्याला टेकून बसली होती, शुद्धीवर. त्यांनी रक्त तपासलं. साखर चढत होती, तरी अजून बरीच कमी होती. हृदय ठीक होतं. थोड्या वेळाने स्वयंसेवकांच्या फोनवरून काकांशीच बोलणं झालं. ते म्हणाले, “बाई, ती चहा मागतेय. इथला कडू लागतो म्हणते.” दुसऱ्या लाइनवर समीरला ते सांगितलं, तर तो मोठा मनुष्य हुंदके द्यायला लागला.

डबा तसाच उघडा पडला होता. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी शॅरनने मला आत बोलावून लेखी ताकीद दिली. मी सही केली. सही झाल्यावर ती म्हणाली, “तू बरोबर होतीस. पण पुन्हा असं करू नकोस, कारण ज्या दिवशी तू चुकशील, त्या दिवशी मी तुला वाचवू शकणार नाही.” तिचं चूक नव्हतं. मला अभिमान वाटला होता, तो त्या वाक्यासरशी उतरला आणि भीती तेवढी उरली.

ती भीती मला नडलीही. दीडएक वर्षाने पेरूच्या डोंगराळ भागातून एका बाईचा फोन आला, तिथल्या उंचीवरच्या विरळ हवेत नवऱ्याला दम लागत होता. मला काय सांगायचं ते सुचत होतं: खाली उतरवा, आत्ता, गाडी मिळेल ती घ्या. मी म्हटलं नाही. नियमाने डॉक्टरांची वाट पाहिली. चार मिनिटं त्या बाईला होल्डवर ठेवलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं, जे माझ्या मनात होतं. तो माणूस वाटेत गेला. चार मिनिटांनी काही फरक पडला नसता असं सगळे म्हणाले. डॉक्टरही म्हणाले. मला त्या बाईचा आवाज अजून ऐकू येतो, ती होल्डवर जाताना म्हणाली होती, “लवकर या हं.”

त्यानंतर मी परीक्षेचा फॉर्म भरला. दुसऱ्या खेपेला पास झाले आणि २००८मध्ये इथल्याच एका हॉस्पिटलात लागले. पुढली सगळी वर्षं पेशंटच्या हाताला हात लावून काढली.

दिगंबरकाकांचा फोन मात्र पालिओच्याच वर्षी, सहलीहून परतल्यावर महिनाभराने आला होता. साताऱ्याला जाण्याआधी आभार मानायला. मी हिय्या करून विचारलं, “काका, शर्यत सुरू झाल्यावर तुम्ही मला काही म्हणालात का? मला ऐकू आलं नाही.” हेडफोन काढला होता हे सांगायचं धाडस झालं नाही.

काका म्हणाले, “तुम्हाला म्हणून सांगतो. तरुणपणी मी आमच्या गावच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत दोरी धरायला जायचो. समीरच्या गावच्या लायब्ररीत या शर्यतीचं पुस्तक पाहिलं आणि डोक्यात खूळ शिरलं. तो धडाका झाला, आणि घोडे असे अगदी समोरून गेले. बाई, मी उठून उभा राहिलो. फोन कुठे पडला मला कळलं नाही. तीन फेऱ्या होईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलंच नाही. एक घोडा वळणावर पडला, तो मी पाहिला. आणि माझी बायको पायाशी पडली होती.” मग म्हणाले, “हिला सांगितलेलं नाही अजून. सांगायची भीती वाटते.”

मी “असू दे काका” एवढंच म्हणू शकले. तेव्हाच माझंही सांगून टाकायला हवं होतं.

काका गेल्याचं समीरने कळवलं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी मालतीकाकूंना साताऱ्याला फोन केला. काकू आता खूप थकल्या आहेत, पण आवाज खणखणीत आहे. त्या दिवसाबद्दल लिहिणार आहे, चालेल ना, असं विचारलं. काकांनी मला जे सांगितलं होतं ते लिहू की नको, हे मात्र तोंडातून निघेना.

काकूंनीच विषय काढला. “त्या घोड्यांचं ना? दसऱ्याला सांगितलं त्यांनी मला. रडले हो. सोनं द्यायला आले आणि रडायलाच लागले. मी म्हटलं, बरं केलंत बघितलंत ते. नाहीतर एवढ्या लांब जाऊन दोघांपैकी कुणालाच काही दिसलं नसतं.”